ढोलीवर न चढणारी मांजर

त्या नाताळच्या सुट्टीत मी नागपूरच्या शाळेतून चांद्याजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा घरात सगळ्यांचा मांजरीवर राग होता. नवे धान बांबूच्या, शेणाने लिंपलेल्या उंच ढोल्यांत भरले होते. वर तोंडाशी उंदीर लागले होते, आणि मांजर खाली बसून नुसती पाहत राही.

बोलण्यापेक्षा पाहणे मला सोपे जाई. उडीसाठी ती अंग आवळी, मागचे पाय थरथरत आणि ती पुन्हा खाली बसे. ज्या ओट्यावर पूर्वी एका झेपेत जायची, तिथे आता आधी पाटा, मग ओटा अशी चढे. कमरेवरच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या; चाटायला तिथवर मान वळत नव्हती. वाढलेली नखे जमिनीवर वाजत. कमरेला हात लावला की गुरगुरे. सकाळी चुलीजवळून उठताना ती आत्यासारखीच उठे, अर्ध्यावर थांबून.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने मांजरीचे दूध बंद केले होते. उपाशी ठेवली की शिकार करील, हा आमच्याकडचा जुना उपाय. मी धीर करून म्हटले, "आत्या, तिचे सांधे दुखतात. तुमच्या गुडघ्यांसारखे."

आत्या तेव्हा गुडघ्याला तेलच चोळत होती. "मांजरीले वात? मंग आण तिले, चोळून देतो. इंग्रजी शाळेत हेच शिकवून राह्यले का तुले?"

सगळे हसले. आईसुद्धा.

उपासाने मांजर जागची हलेनाशी झाली. मग आत्याने गड्याला तिला पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडायला सांगितले. खरी घरची असेल ती मांजर वाट काढत परत येते, ही आत्याची पारख. मी वडिलांकडे गेले. घरातले आत्या बघते, एवढेच ते म्हणाले.

नाल्याची दरड उभी होती. ती चढणे मांजरीला जमणार नाही, हे मला माहीत होते.

गडी तिला सोडून आला. मग रोज संध्याकाळी आत्या स्वतः मागच्या दारात उभी राहून हाका मारी. मांजर यावी असे तिलाही वाटत होते. त्याने काहीच बदलत नव्हते. शेवटी एकदा तिने दार लावून घेतले.

"नाई आली. घरची नव्हतीच थे."

जेवताना कुणाकडे मांजरीची पिल्ले झाली आहेत, याची चौकशी सुरू झाली.