हरणाऱ्या संघाची माणसं

फक्कीला वास असतो. एरवी कोरडा, घशात बसणारा; पण पौषातल्या सकाळी दंवाने ओलसर झालेल्या मातीवर ती पडली की त्या वासात एक गारवा उतरतो, नुकत्याच सारवलेल्या भिंतीजवळ उभं राहिल्यासारखा. माझ्या बालपणीच्या रविवारांना हा वास आहे. दापोडीत, रेल्वेरुळांच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत माझे वडील, आबा, वाकून त्या पांढऱ्या भुकटीने मैदानाच्या रेषा आखत, आणि सुतळीचं दुसरं टोक धरून मी उभी असे. नदीवरून धुकं सरकत येई, त्यात जलपर्णीचा कुजका, हिरवा दर्प असे, आणि आबांच्या हातांना, साबणाने कितीही धुतले तरी न जाणारा, कंपनीतल्या लेथवरच्या तेलकट कूलंटचा. ऊन वर येऊन धुकं विरलं की त्या करड्या मातीवर एक शुभ्र आयत उमटलेला दिसे. इतकी सरळ, इतकी निःशंक रेषा आमच्या चाळीत, आमच्या घरात, आमच्या एकूण जगण्यात दुसरी कुठेच नव्हती.

आबा धाराशिवकडच्या कोरडवाहू गावातून पिंपरीच्या एका कंपनीत आले आणि आल्यावर पहिल्याच वर्षी ‘लोहज्योत स्पोर्टिंग’ या दापोडीतल्या फुटबॉल क्लबचे झाले. ‘झाले’ हाच शब्द योग्य, कारण ते तिथे फार खेळले नाहीत. गुडघा लवकर दुखावला. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी रेषा आखल्या, गोलाच्या जाळ्या बांधल्या, तांबड्या रंगावर पांढरा आडवा पट्टा असलेल्या जर्सी घरी आणून आईच्या कपाळावरच्या आठ्या पाहत मोरीत धुतल्या, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडले. क्लबातली सगळीच माणसं अशी होती. लातूर, सोलापूर, सातारा असं आपापलं गाव मागे टाकून आलेली, आठवडाभर कंपनीच्या भोंग्यावर उठणारी-बसणारी. रविवारी सकाळचे दोन तास मात्र त्यांना एखादी गोष्ट निःसंकोचपणे आपली म्हणता येत होती. लोहज्योत क्वचितच जिंकत असे. जिंकलाच तर त्या दिवशी सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा संकोचच अधिक दिसे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना पुण्यातल्या एका मातब्बर संघाने आमच्यावर सात गोल चढवले. त्यांचा एक उंच, शिडशिडीत खेळाडू होता. त्याच्या पायाशी आलेला चेंडू त्याचं ऐकत असे, एवढंच मला कळत होतं, आणि त्याने शेवटचा गोल केला तेव्हा मी नकळत टाळ्या वाजवल्या. आबा रागावले नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या राठ पंजात धरले, हळूच खाली घेतले आणि म्हणाले, “चांगला खेळतोय, व्हय. पण आपला न्हाई.” त्या सकाळी त्यांनी मला जे दिलं ते परत करता येण्यासारखं नव्हतं. पुढे मी शिकले, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवू लागले, लग्न होऊन नवऱ्याच्या चाकणच्या नोकरीपायी महाळुंग्याला राहायला गेले. पण कुठलाही उत्तम खेळ पाहताना माझे हात अर्ध्यावर थबकत. चांगला आहे, पण आपला नाही.

महाळुंग्याच्या आमच्या खिडकीतून तेव्हा ज्वारीची शेतं दिसत. बघता बघता त्यांच्या जागी निळ्या पत्र्यांच्या शेड आल्या, मातीच्या वासाची जागा तापलेल्या रबराच्या आणि डिझेलच्या वासाने घेतली, आणि संध्याकाळचा संधिप्रकाशही कंटेनरच्या धुळीतून गाळून आल्यासारखा मळकट पिवळा दिसू लागला. या परक्या उजेडात माझी मुलगी सायली वाढत होती, आणि तिला कुठलं तरी गाव असावं असं मला फार वाटे. ते गाव मी तिला दापोडीच्या त्या मैदानात दिलं. ती पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी तिला स्कूटरवर पुढे उभी करून मोशी, भोसरी ओलांडत मी आबांकडे नेऊ लागले. आई तोवर गेली होती. आबा निवृत्त झाले होते. नातीला पाहून ते चेंडू पायाखाली घेत, दुखऱ्या गुडघ्याने दोन पावलं टाकत आणि तो तिच्याकडे ढकलत. मी कधी खेळले नव्हते. माझ्या वेळी मुलींनी सुतळी धरायची असे. सायलीने मात्र तो चेंडू अडवला, मान वर करून पाहिलं आणि आबांना बगल देऊन पुढे निघून गेली. आबा त्या दिवशी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

तिच्यामुळे लोहज्योतचा मुलींचा संघ उभा राहिला. क्लबचे चिटणीस आणि प्रशिक्षक शेळके मास्तर, आयटीआयमधून निवृत्त झालेले, शिट्टी गळ्यात घालूनच भाजी आणायला जाणारे. त्यांनी घरोघरी हिंडून मुली गोळा केल्या. सायली शाळा सुटल्यावर आठवड्यातून चार दिवस दोन बस बदलून सरावाला जाई आणि परतताना दप्तरावर डोकं ठेवून झोपून जाई. ती पंधरा वर्षांची असताना, पिंपरीत एका सामन्यानंतर, एका अकादमीच्या प्रशिक्षक बाई आमच्याजवळ आल्या. ती अकादमी महाळुंग्यातच, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होती. तिथे हिरवंगार कृत्रिम गवत होतं, दिवे होते, व्यायामाची खोली होती.

“राज्याच्या सतरा वर्षांखालच्या संघाची निवड पुढच्या वर्षी आहे,” बाई म्हणाल्या. “हिला माझ्याकडे द्या. या क्लबातच राहिली तर हिला कुणी बघणारसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी थापत असताना सायली स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होती. मग म्हणाली, “आई, जाऊ का गं मी?”

तव्यावरची भाकरी उलटवत मी विचारलं, “आबांना काय सांगशील?”

एवढंच. मी नको म्हटलं नाही, आवाज चढवला नाही, समजावलंही नाही. प्रश्न विचारला फक्त, आणि तोही पाठमोरी राहून. तिने क्षणभर विचार केला असावा. “बरं,” ती म्हणाली, आणि बाल्कनीत जाऊन बुटांना लागलेला चिखल काडीने काढू लागली. त्या आवाजाने, काडीच्या त्या समंजस खरखरीने, मला तेव्हा अभिमान वाटला होता हे आज लिहितानाही हात जड होतो.

त्यानंतरची दोन वर्षं एखाद्या झाडाचं खोड आतून पोखरत जावं तशी गेली. बाहेरून फारसं काही दिसलं नाही. कारखान्याची ती जागा विकली गेली आणि एका चैत्रात मैदानाभोवती उंच पत्रे लागले. शेळके मास्तरांनी नदीकाठी एक उतरती पट्टी शोधली. तिथे चेंडू सतत एकाच बाजूला घरंगळे. पुरुषांच्या संघातली मुलं शिफ्ट आणि ओव्हरटाइमच्या चक्रात अडकून येईनाशी झाली. मुलींपैकी दोघींची घरं बदलली, एकीचं लग्न ठरलं, एकीचं खेळणं घरच्यांनी बंद केलं. संघच पुरा न भरल्याने त्या वर्षी लीगमध्ये आमची नोंद गेली नाही, आणि ज्या निवडीबद्दल बाई बोलल्या होत्या ती कुठल्याशा मैदानावर, कुठल्याशा मुलींमधून, आमच्या नकळत पार पडली. सायली त्या उतरत्या पट्टीवर कधी चौघींसोबत, कधी तिघींसोबत सराव करत राहिली. ती तक्रार करत नसे. तिचं ते न बोलणं मी निष्ठा समजत होते.

मागच्या आषाढात मास्तरांच्या घरी क्लबची बैठक झाली. दुपारची वेळ, बाहेर भुरभुर पाऊस, ओल्या छत्र्यांचा आणि आल्याच्या चहाचा वास. आम्ही सात माणसं होतो, सायली दाराजवळ पायरीवर बसलेली. मास्तर कागद हातात धरून म्हणाले की मैदान नाही, खेळाडू नाहीत, आणि यंदा क्लबची नोंदणी पुन्हा करायची की नाही हे आजच ठरवावं लागेल. मी उठून उभी राहिले आणि वर्गात बोलते तसं बोलले. परंपरा म्हटलं, घाम म्हटलं, माणसं म्हटलं. कुणी तरी मान डोलावली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून आबांचा आवाज आला.

“बंद करा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “आबा, असं कसं म्हणता तुम्ही? सायलीनं अकादमीची संधी सोडली ती या क्लबसाठी. तुमच्यासाठी.”

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “कंची अकादमी?”

मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ते ऐकू येत होतं: घरापासून पाच मिनिटं, गवत, निवड, प्रशिक्षक बाईंचे शब्द. खोलीत कुणी चहाचा कपही उचलत नव्हतं. आबा ऐकत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरत गेलं ते मी सात गोलांच्या त्या सकाळीही पाहिलं नव्हतं.

“मला कुणी इचारलं?” ते म्हणाले. “म्या हाताला धरून नेऊन घातली असती तिला. पोरगी खेळली असती की गं.”

मग ते दाराशी बसलेल्या सायलीकडे वळले. सायली उठली, त्यांच्या खुर्चीजवळ आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “असू द्या आबा.” माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारपासून मी स्वतःला एकच गोष्ट विचारते आहे. त्या संध्याकाळी तव्यापुढे उभी असताना मी आबांचं नाव का घेतलं? त्यांचं मन मला ठाऊक होतं का? ठाऊक करून घ्यायला एक फोन पुरला असता. मला बहुधा आबांपेक्षा माझ्याच एकटेपणाची काळजी होती. मैदानाच्या कडेला आबांच्या शेजारी मी उभी आहे आणि आत तांबड्या-पांढऱ्या कपड्यांत माझी मुलगी धावते आहे, हे जे चित्र मला कुठल्याच नव्या शहरात, नव्या घरात मिळालं नव्हतं, ते मला मोडायचं नव्हतं. सुतळी धरून उभ्या राहिलेल्या मुलीला अखेर आपलं असं काही सापडलं होतं, आणि ते टिकावं म्हणून तिने आपल्या लेकीला तिथे बांधून ठेवलं.

क्लब बंद झाल्यावर मीच सायलीला अकादमीत घेऊन गेले. बाईंनी तिला ओळखलं, तासभर खेळवलं. पावसाने धुतलेल्या त्या हिरव्या गवतावर ती पहिल्यांदाच धावत होती, आणि त्या सपाट जमिनीवर तिचा अंदाज सारखा चुकत होता. उतारावर दोन वर्षं घालवलेला तिचा पाय चेंडू घरंगळेल म्हणून आधीच वळत होता. बाईंनी तिला बाजूला घेतलं. “पाय चांगला आहे गं अजून. पण इथल्या मुली तीन-तीन वर्षं एकत्र खेळताहेत. वयोगटही निघून गेला. दोन वर्षांपूर्वी...” त्या सज्जन होत्या, पुढचं बोलल्या नाहीत. सायलीने त्यांचे आभार मानले, बूट काढले, चपला घातल्या. आता ती डिप्लोमाला आहे, अभ्यासात बरी आहे, माझ्याशी नीट बोलते, जेवताना कॉलेजच्या गमतीही सांगते. फुटबॉलचा विषय आमच्यात निघत नाही. रविवारी सकाळी आबांकडे जावं तर ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, पायांत बूट चढवून दारातल्या खुर्चीत बसलेले असतात. कुठे निघालात असं विचारलं की जरा वेळ आठवल्यासारखं करतात आणि बूट काढू लागतात.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. फाल्गुनातली दुपार कलत होती, आम्ही दोघी स्कूटरवरून बाजार घेऊन परतत होतो, आणि अकादमीच्या वळणावर एक लांबलचक कंटेनर आडवा होऊन अडकला होता. जाळीपलीकडे मुलींचा सामना चालू होता. मी गाडी बंद केली.

“उतरायचं का जरा? बघू या,” मी म्हटलं.

“कुणासाठी?” सायलीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं की ज्यात आपलं कुणी नाही असा खेळ माणसं कशी पाहतात.

आम्ही बसल्या जागेवरूनच पाहत राहिलो. निळ्या जर्सीतल्या कुठल्याशा शाळेच्या मुली सपाटून मार खात होत्या. चौथा की पाचवा गोल झाला. त्यांची एक बुटकी मुलगी गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून तशीच उभी राहिली, आणि माझ्या मागून, अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं सायली म्हणाली, “चल गं. मान वर कर. वेळ आहे अजून.”

मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती. तिच्या आत ते ‘आपलं’ म्हणणं अजून जिवंत आहे, त्याला आता मैदान नाही, रंग नाही, नाव नाही. आणि तरी समोर दिसेल त्या पहिल्या हरणाऱ्या माणसाकडे ते धावत सुटतं आहे. हे मीच तिच्यात ठेवलं. ते तिला पुढे कुठे नेईल, कुणाच्या शेजारी नेऊन उभं करील, मला सांगता येत नाही.

कंटेनर वळला, मागून हॉर्न वाजू लागले. मी गाडी सुरू केली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्याची पकड घट्ट होत चालली होती. ती अजून मागे वळून पाहते आहे एवढं मला त्या हातावरून कळत होतं.