हिरड्याचा गंज

पत्र्याच्या त्या लाल मोटारीला किल्ली दिली की कर्रर्र असा आवाज यायचा. तो आवाज अजून माझी झोपमोड करतो. वीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्रेचाळिसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता भोर आणि नसरापूरच्या एसटी स्टँडवर फसव्या योजनांविरुद्ध पत्रकं वाटतो. लोक विचारतात, साहेब, हे खूळ कुठून डोक्यात घेतलं? हे घ्या उत्तर. नावं कुणाचीच घालणार नाही. माझंही नाही, कारण या प्रकरणात मला मिरवण्यासारखं काही नाही.

तेव्हा मी भोर-वेल्हे भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका रविवारी भोरमधल्या एका सभागृहात ‘जुन्या खेळण्यांतून भविष्याची सोय’ असं व्याख्यान होतं. वक्ता पूर्वी विम्याची कामं करणारा माणूस, गोड बोलणारा, घरोघरी चहा प्यालेला. सगळे त्याला ‘सर’ म्हणत. बंदोबस्ताच्या निमित्ताने मी गेलो आणि गणवेशातच पहिल्या रांगेत बसलो. सर सांगत होते की जुनी पत्र्याची खेळणी आता बनत नाहीत, परदेशात लिलावात त्यांना लाखांचा भाव येतो, सोनं चोरीला जातं पण खेळणं कोण चोरणार? लोक हसले. मीही हसलो.

आणि मी एक मोटार विकत घेतली. पंचवीस हजारांना! पोलीस अधिकारी! काळपट पडलेली, कडेनं गंजलेली, काचेच्या झाकणाच्या सीलबंद खोक्यात. सर म्हणाले, “साहेब, सील तोडायचं नाही, हात लावायचा नाही. हात लागला की भाव उतरतो.” तो खोका मी सरकारी क्वार्टरच्या कपाटात, वर्दीच्या शेजारी ठेवला.

चार महिने गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात ठाण्याच्या दारात एक बाई उभी राहिली. पानशेतला धरणाच्या बाजूला पुण्याच्या पर्यटकांसाठी पिठलं-भाकरीची खानावळ चालवणारी, पन्नाशीची, आसपासच्या सगळ्यांची मावशी. सुट्टीच्या दिवशी पन्नास माणसांना एकटी रागवणारी. त्या दिवशी मात्र पिशवी छातीशी धरून उभी होती आणि ठाणे अंमलदाराला सांगत होती, “मला अटक करा.”

आमचे हवालदार वेल्ह्याकडचेच, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, “काय गं मावशे, कुणाला भाकरीनं मारलंस का काय?”

“थट्टा नगा करू हवालदार. लई मोठी चूक झालीया.”

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. पिशवीतून निघाली लाल मोटार. माझ्या कपाटातल्या मोटारीची सख्खी बहीण. फक्त ही चकचकीत होती. नवीकोरी.

“खंडेनवमीला समद्याची पूजा करतो न्हवं आमी,” ती सांगू लागली. “इळा, कोयता, मिक्सर, लेकीची स्कूटी. मनात आलं, एवढ्या मोलाची मोटार, तिलाच काळीकुट्ट ठेवायची व्हय? म्हणून सील काढलं आन् ताम्हण घासतो तशी चिंच लावून घासली. साहेब, समदं काळं धुऊन गेलं. सरांना फोन केला तर म्हणाले, तुमी वस्तू नासवली, कागदावर लिवलंय, आता तुमच्यावर केस हुईल. पुन्हा जुनी करून द्यायला वीस हजार लागतील म्हणाले. गप ऱ्हावा, कुणाला बोलू नका.”

तो छापील कागद मी वाचला. ‘मूळ अवस्थेत बदल केल्यास कायदेशीर कारवाई.’ खाली गोल शिक्का. आपल्याकडे गोल शिक्का बघितला की माणसाचे हात आपोआप जोडले जातात, हे वीस वर्षांत मी रोज पाहिलं. जिची फसवणूक झाली ती गुन्हेगार म्हणून हजर, आणि ज्याने केली तो घरी चहा पितोय!

“अशा किती घेतल्यात?”

“पाच. सव्वा लाखाच्या. लेकीला नर्सिंगला नंबर लागलाय. पुढल्या शनिवारपातुर पैसं भरलं न्हाईत तर जागा दुसरीला देत्यात. सर म्हणाले हुते, दसरा झाला की गिऱ्हाईक येतंय, दुप्पट हुतील.”

“पण मावशी, लेकीच्या शिक्षणाचा पैसा खेळण्यात घातलात? कुणाला विचारायचं तरी.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला खुर्ची टोचायला लागली.

“इचारायचं काय? तुमी पयल्या रांगेत बसला हुता. तुमी घेतली म्हणून म्या घेतली.”

हवालदारांनी खाली मान घातली. 

त्या दिवसापासून मी शनिवारपर्यंतचे दिवस मोजू लागलो. भीती दोन होत्या. एक तिच्या लेकीची जागा जाण्याची. दुसरी माझी स्वतःची, आणि ती सांगायला लाज वाटते. चौकशी केली तर माझं नाव निघणार. न केली तर कुणाला कळणारही नव्हतं. अर्धा तास मी नुसता पेपरवेट फिरवत बसलो. मग वरिष्ठांना फोन केला आणि सगळं सांगितलं. 

“लेखी द्या,” ते म्हणाले. “प्राथमिक चौकशी तुम्ही करा. गुन्हा दाखल झाला की तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. तुम्ही साक्षीदार.”

स्टेशन डायरीला नोंद घातली आणि पंचांसमोर पहिला पंचनामा केला तो माझ्याच कपाटाचा.

पण खेळणं खरं की खोटं, हे सांगणार कोण? भोरमध्ये कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. चाळीस वर्षं जुनी खेळणी जमवतात. त्यांच्या माडीवर लाकडी बाहुल्या, पत्र्याची आगगाडी, भातुकलीचे पितळी संच, सगळं मांडलेलं. मी विचारलं, “काका, या सगळ्याची किंमत किती?”

“कुणाला?” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मला विचाराल तर अमोल. भंगारवाल्याला विचाराल तर किलोचा भाव. या दोन्हींच्या मध्ये एखादा वेडा गिऱ्हाईक असतो. तो वर्षात एकदा येतो, तेही आला तर. एकदा एक चांगली आगगाडी विकायला काढली होती. तीन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही. आमची ही म्हणायची, त्यापेक्षा म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं.”

मी नेलेली माझी काळी मोटार त्यांनी उलटी केली, भिंग लावलं. “बाहेरून आजोबा आहे, पण आतली स्प्रिंग परवा जन्मलीय. मात्र हे माझं मत झालं, साहेब. कोर्टात मतावर काय होतं ते मी चाळीस वर्षं लिहून घेतलंय. काळं कशानं केलं ते शोधा.”

दुसऱ्या दिवशी सरांना नोटीस देऊन बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाईल. बसले, हसले, फाईल उघडून परदेशी लिलावांचे फोटो दाखवू लागले. पानं उलटताना मध्येच एक फोटो आला आणि माझ्या कानशिलांत रक्त चढलं. गणवेशातला मी, हातात खोका, बाजूला सर. प्लास्टिकमध्ये नीट बसवलेला.

“हा कुणाकुणाला दाखवलात?”

“असाच, साहेब. लोकांना विश्वास वाटतो.”

 तुटलेलं सील माझ्याकडे वळवून मी माझा खोका टेबलावर ठेवला. “आजचा भाव सांगा.”

“साठ हजार कुठं गेले नाहीत.”

“मी चाळीसला देतो. आत्ता घ्या.”

“साहेब, सध्या हातात तेवढी…”

“तीसला.”

“बाजार जरा थांबलाय. माल धरून ठेवायचा असतो.”

हवालदार दारातून म्हणाले, “सर, पंचवीसलाच घ्या की. साहेबांनी जेवढ्याला घेतली तेवढ्याला. साठची वस्तू पंचवीसला सोडताय, तुमी तर आमच्याहून येडे दिसताय.”

सरांच्या कपाळावर घाम आला, पण माणूस मुरलेला. दोन घोट पाणी प्यायला आणि सूर बदलला. माल आपल्याला बाहेरून येतो, देणाऱ्याचा पत्ता माहीत नाही, कदाचित आपलीच फसवणूक झाली असेल! त्याला धरून ठेवण्याइतकं माझ्या हातात काही नव्हतं. तो गेला. शनिवारला चार दिवस उरले होते. हा माणूस उद्या एसटीत बसला की संपलं, हे मला दिसत होतं. रस्त्यावर गाडी वाजली तरी मी खिडकीशी जात होतो.

मावशीला जबाबावर सहीसाठी पुन्हा बोलावलं होतं. टेबलावर माझी मोटार होती, पंचनाम्यात सील काढलेली, अजून तशीच काळी. कारकून कागद आणेपर्यंत बाईने काय केलं, तर बोटाला थुंकी लावून मोटारीच्या कडेवर घासलं आणि बोट नाकाशी नेलं. मग जिभेला लावलं.

“अहो मावशी, मुद्देमाल आहे तो!”

“साहेब, ह्यो गंज न्हाई. ह्यो हिरडा हाय.”

“कशावरून?”

“माझं माहेर हिरडस मावळात. ल्हानपणी रानातनं हिरडा आणून फोडायचो आमी. वल्ला हिरडा कोयत्याला लागला की कोयता काळा, हात काळं, नखं काळी. म्हयनाभर जात न्हवतं. आय चिंच लावायची, मग निघायचं. तोंडाला बघा कसा तुरट लागतूय.” तिने हात पुढे केले. खंडेनवमीला मोटार घासलेल्या हातांची नखं अजून काळीच होती. “त्या दिशी घाबरल्यामुळं ध्यानातच आलं न्हाई. आता आलं.”

तिच्या नखांकडे त्या आठवड्यात मी तीन वेळा पाहिलं होतं. पाहून काही सुचलं नव्हतं. हिरडा औषधाला जातो, रंगाला जातो, एवढं पुस्तकी ज्ञान मलाही होतं. लोखंडाला लागला की काळा डाग धरतो, हे त्याला माहीत ज्याने तो फोडलाय.

पुढचं काम हवालदारांनी केलं. हिरडा घेणारे व्यापारी या भागात बोटांवर मोजण्याइतके. हंगाम नसताना किडका, फुटका हिरडा पोत्याने कोण उचलतो, एवढाच प्रश्न. दुसऱ्याच दुकानात उत्तर मिळालं: नसरापूरजवळचं एक पत्र्याचं शेड, “शाई करायची म्हणाला.” मावशीची फिर्याद दाखल झाली, तपास शेजारच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे गेला, आणि शेडवर जाताना मी प्रभारी असूनही जीपमध्ये मागे बसलो. आत नव्या खेळण्यांचे खोके, पॉलिश पेपर, आणि तीन निळ्या पिंपांत काळं पाणी. तारेला टांगलेल्या चाळीसेक मोटारी म्हाताऱ्या होत होत्या. शेडचा भाडेकरार सरांच्या नावावर.

अटक झाल्यावर त्यांना गाडीत बसवताना ते माझ्याजवळ थांबले. “साहेब, मी शंभर शब्द बोललो असतो तरी लोकांनी घेतलं नसतं. तुम्ही पुढं बसलात, तिथंच विक्री झाली.” मी गाडीचं दार लावून घेतलं. 

घरझडतीत रोकड सापडली, मावशीचे पैसे फिटतील इतकी. पण सापडलेला पैसा हा मुद्देमाल असतो. तो कोर्टाच्या हुकुमाशिवाय मिळत नाही, आणि कोर्टाला शनिवार कळत नाही. मी कॉलेजला पत्र दिलं, फोन केले, स्वतः जाऊन बसलो. नियम दाखवले गेले. मी माझ्याकडून पैसे देऊ केले, तर मावशी म्हणाली, “नगं. तुमच्या मागनं एकदा गेले, बास झालं.” शनिवारी संध्याकाळी जागा दुसऱ्या मुलीला गेली. लेकीने ते वर्ष आईबरोबर भाकऱ्या थापण्यात घालवलं. पुढच्या वर्षी पैसे सुटले, तेव्हा ती गेली.

गुन्हा उघडकीस आला म्हणून मला कौतुकाची पत्रं आली. मी ते कागद जपून ठेवलेले नाहीत.

तर मला विचारतात, जुनी खेळणी जमवावीत का? जमवा की! त्या काकांसारखी आवडीने जमवा, धूळ पुसा, नातवंडांना दाखवा. पण त्याला गुंतवणूक म्हणू नका. जी वस्तू विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं, जिचा भाव विकणाराच सांगतो, जिला हात लावायची बंदी असते, तिच्यात पोराबाळांच्या शिक्षणाचा रुपया घालणं म्हणजे विहिरीत दगड टाकून पाणी वर येण्याची वाट बघणं. कुणी भाव सांगितला की एकच वाक्य बोला: मग त्या भावानं तूच घे. माझ्या पत्रकावर तेवढंच मोठ्या अक्षरात छापलंय. आणि वर्दी पहिल्या रांगेत बसली म्हणून तर मुळीच विश्वास ठेवू नका. वर्दीच्या आतला माणूसही दुप्पट पैशाच्या हावेपोटीच बसलेला असू शकतो. मी बसलो होतो.

परवा पत्रकं घेऊन पानशेतला गेलो. मावशीने खानावळीच्या भिंतीला एक पत्रक चिकटवलं, बरोबर पहिल्या टेबलासमोर. गल्ल्याशेजारी कोर्टातून परत मिळालेली तिची लाल मोटार होती. पर्यटकांची पोरं किल्ली देऊन ती फरशीवर सोडत होती. एक चाक वाकलेलं, टपावर पोचे, खालच्या कडेला तांबूस काहीतरी.

“मावशी, ठेवलीत अजून?”

“मग? आता खेळायला मोकळी हाय ती.” तिने मोटार उचलून कड माझ्यापुढे धरली. “बघा, आता खरा गंज चढतोय. पन्नास वर्सांनी या, भाव करू.” आणि आतल्या चुलीकडे वळून ओरडली, “साहेबांना पिठलं वाढ गं! आन् पैसं आधी घे.”