प्लॅस्टिकच्या झाडावरचं बिऱ्हाड

झाडवाल्या बाईंना झाडांचा मनस्वी तिटकारा होता. सगळं शहर त्यांना झाडवाल्या बाई म्हणून ओळखायचं, कचेऱ्यांतून त्याच नावानं फोन यायचे. पण बाईंच्या एकाही झाडाला कधी पाणी घालावं लागलं नव्हतं. लागायचं ते साबणाचं ओलं फडकं. बाईंची झाडं प्लॅस्टिकची होती. दातांच्या डॉक्टरांकडे, हॉटेलांत, बँकांत त्या ती भाड्यानं देत आणि सुट्टीच्या दिवशी धुऊन येत. टेम्पो त्यांची धाकटी जाऊ चालवायची. तिचा हात स्टिअरिंगवर जितका सैल, तितकीच जीभही.

या तिटकाऱ्याचं मूळ बाईंच्या बाबांत होतं. बाबांची शहराबाहेर रोपवाटिका होती आणि बाईंचं बालपण शेणखताच्या ढिगाशेजारी गेलं. बुटात गोम, दप्तरात गोगलगाय, केसांत सुरवंट. बाबा गुलाबाच्या कलमाला ‘माझी राणी’ म्हणायचे आणि मुलीला ‘ए, ती बादली आण’. शाळेच्या बक्षीस समारंभाला ते आले नाहीत, कारण त्या दिवशी कलमं बांधायची होती. मुलीच्या लग्नाला आले, पण जेवणाच्या पंगतीतून उठून पाणी घालायला गेले. तेव्हा बाईंनी धंदा काढला तो असा, की ज्यात माती नको, किडे नकोत आणि झाडापायी खुळावलेला बाप नको.

नशीब कसं बघा, म्हातारपणी बाबा राहायला आले ते बाईंकडेच, तिसऱ्या मजल्यावर. रोपवाटिका रस्तारुंदीत गेली होती. बाईंच्या बैठकीत भाड्यावरून परत आलेली झाडं ओळीनं उभी असायची, आणि त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बाबा तोंड पाडून बसायचे.

“मसणात आणून बसवलंस मला,” ते म्हणायचे.

“मसणात खरी झाडं असतात, बाबा.”

एकदा त्यांनी रागारागानं एका प्लॅस्टिकच्या रबरप्लांटला बादलीभर पाणी घातलं. ते खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून गळलं आणि बाईंना भांडण निस्तरावं लागलं.

बाईंचं सगळ्यांत अभिमानाचं काम एका विमा कंपनीत होतं. काचेच्या छपराचं उंचच उंच दालन, आणि मधोमध दोन मजली झाड. त्याचं पान न् पान बाईंनी स्वतः तारेनं बांधलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी जाऊ शिडीवर चढली आणि वरूनच ओरडली, “ताई, इथं कुणीतरी बिऱ्हाड थाटलंय! आणि भाडं आपल्याला विचारलेलंसुद्धा नाही!”

छपरातल्या झडपेची एक काच फुटली होती. तिथून बुलबुलांची जोडी आत आली होती आणि वरच्या फांदीवर तिनं घरटं बांधलं होतं. वाळकं गवत, दोरे, पार्सलच्या चिकटपट्टीचे तुकडे, आणि बाईंच्याच झाडाची दोन पानं. बाईंचा पारा चढला.

“बाहेर ढीगभर झाडं पडलीत, आणि या अक्कलशून्य पाखरांना माझंच दिसलं?” त्या म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी हळूच एक पाऊल मागं घेऊन झाडाकडे पाहिलं. म्हणजे काम इतकं हुबेहूब झालं होतं तर!

कंपनीचे मोठे साहेब सोमवारी म्हणाले, “काढून टाका. घाण नको.” तोवर स्वागतकक्षातल्या मुलीनं घरट्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला होता. दुपारपर्यंत मुख्य कचेरीतून शाबासकी आली आणि साहेबांना निसर्गाचा पुळका आला. “घरट्याला हात लावाल तर खबरदार!” ते बाईंनाच म्हणाले, जणू काढायचा हट्ट बाईंचा होता. झाडाखाली पाटी लागली, ‘निसर्गाच्या सान्निध्यात, आपल्या सेवेत.’ पाखरं आपल्या परीनं सेवा वरून करत होती, म्हणून स्वागतकक्षावर भाजीवाल्यांची असते तशी एक मोठी छत्री उभी करावी लागली. गिऱ्हाईकं डोक्यावर वर्तमानपत्र धरून विमा उतरवायला बसू लागली.

मग साहेबांनी भाषण ठेवलं. विद्यापीठात पर्यावरणाचं तत्त्वज्ञान शिकवणारे एक सर आले. किडकिडीत, झोळीवाले, आवाज मात्र भारदस्त. ते घरट्याकडे बोट करून म्हणाले, “ही बिचारी फसली आहेत. माणसानं आधी खरं झाड तोडलं, मग खोटं उभं केलं, आणि आता पाखरालाही खोट्यात ओढलं.”

बाई मागं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांना ते झोंबलं. “फसली कशी, सर?” त्यांनी विचारलं. “अंडी तर खरी आहेत.”

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. “म्हणजे तुमच्या मते खरं झाड आणि हे झाड सारखंच?”

“सारखं कसं असेल? माझं धुतलेलं असतं.”

“तुम्हाला निसर्ग आवडत नाही का, बाई?”

“त्याला तरी मी कुठं आवडते? लहानपणापासून चावतोय.”

भाषण तिथंच आडवं झालं. पण जाताना सर बाईंचा फोन नंबर मागून घेऊन गेले आणि आपलाही देऊन गेले. यावर विचार करायला हवा, म्हणाले. जाऊ म्हणाली, “ताई, याला पगार विचार करण्याचा मिळतो. आपण उगाच टेम्पो चालवतोय.”

पिल्लं बाहेर आली. उघडी, लाल, आणि दिसायला, बाईंच्या शब्दांत, ‘सोललेल्या अंगठ्यासारखी’. त्यानंतरच्या सुट्टीत दोघी जावा खालच्या फांद्या धुवायला गेल्या तर छपरावर काहीतरी टकटक आपटत होतं. बाईंनी वर पाहिलं. चोचीत अळी धरून मादी काचेवर धडका घेत होती. आदल्या संध्याकाळी देखभालवाल्यांनी झडपेला नवी काच ठोकली होती. कामसू माणसं, त्यांना फुटकी काच दिसली, त्यांनी ती बदलली. घरट्यात तीन तोंडं आ वासून होती आणि आवाज पार बारीक झाला होता.

रखवालदार म्हणाला, ही झडप उघडत नाही, पक्की बसवलीय. बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब कुटुंबासह निसर्गाच्या सान्निध्यात गेले होते, एका तळ्याकाठी. “सोमवारी बघू,” ते म्हणाले.

“सोमवारी बघायला काय उरणार?” बाई म्हणाल्या, पण तोवर फोन कट झाला होता.

मग त्यांनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, “हे बघा बाई, अशा वेळी हस्तक्षेप करू नये असं एक मत आहे. निसर्गाला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं.”

“अहो, काच काय निसर्गानं बसवलीय? त्याच्या वाटेत कंपनीचा माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा राहिला त्याचं काय?” बाईंनी फोन आपटला.

शेवटी घरी फोन लावला. बाबा फोनवर आले आणि फणफणले. “बुलबुल? मरू देत! माझ्या पेरूंची दर वर्षी नासाडी करायचे मेले. कळ्यासुद्धा सोडायचे नाहीत.”

जन्मभर निसर्गात राहिलेल्या माणसाचंही निसर्गातल्या निम्म्या रहिवाशांशी वाकडं होतं, हे बाईंना आजच कळत होतं. पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

“ओरडतायत अजून?” बाबांनी विचारलं.

“हळू ओरडतायत.”

“मग फोनवर काय बोलत बसलीस? तू काही त्यांना भरवू शकणार नाहीस. आई बाहेर आहे ना, तिला आत घे. शिडी आहे ना तुझ्याकडे?”

शिडी होती. बाईंनी ती वरच्या सज्ज्यात नेऊन छपराला टेकवली. रखवालदाराचं तोंड पडलं. “बाई, माझी नोकरी जाईल.”

“तुम्ही चहा प्यायला गेला होतात. आत्ताच गेलात. निघा.”

तो निघाला तसे दारातून सर आत आले. घरातल्या सपाता, उलटा घातलेला शर्ट. धापा टाकत म्हणाले, “मी मघाशी पुस्तकातलं बोललो. शिडी कोण धरतंय?”

“तुम्ही,” जाऊ म्हणाली आणि स्वागतकक्षावरची छत्री उचलून सरांच्या डोक्यावर धरली.

बाईंनी आधी चाकूनं कड सोडवून पाहिली. सरकेना. मग पदर खोचला, जड झाडं हलवायची लोखंडी पहार उचलली, तोंड फिरवलं आणि हाणली. पहिल्या घावाला काच फक्त तडकली. दुसऱ्या घावाला असा आवाज झाला की रस्त्यावरच्या दोन गाड्या आपोआप ओरडायला लागल्या. तुकडे छत्रीवर, सज्ज्यात, सगळीकडे. घरटं तेवढं वाचलं. मादी तर केव्हाच उडून गेली होती.

तिघं काउंटरमागं लपून बसली. पाखरू येईना. जाऊचा पाय सुन्न झाला, तिनं काच बदलणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सर कुजबुजले, “मी वर्गात शिकवतो, माणूस निसर्गाच्या बाहेर नाही म्हणून. आणि तुमचा फोन आला तेव्हा मी सरळ त्याच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.”

“मला त्यातलं काही कळत नाही,” बाई म्हणाल्या. “ती तोंडं बघवेनात म्हणून फोडली. दिसली नसती तर फोडली नसती. गप्प बसा आता.”

मग वर एक सावली हलली. मादी आली, झडपेच्या चौकटीवर बसली, मान वाकडी करून दालनभर पाहिलं आणि थेट फांदीवर गेली. घरट्यात एकच कालवा उठला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. काचेची पूड गेली, म्हणाले.

“दोन्ही डोळ्यांत?” जाऊनं विचारलं.

त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता म्हणाले, “मला न्यायचं होतंस. मी धरली असती शिडी.”

बाईंच्या कुठल्याही कामाला आपण आलो असतो, असं बाबा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते. बाई उठून भांडी घासायला गेल्या आणि नळ गरजेपेक्षा मोठा सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

सोमवारी साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. करार रद्द. फक्त पिल्लं उडेपर्यंत झाड राहील, कारण फोटो रोज जात होते. पिल्लं उडाली ती ढुंकूनही न बघता. घरट्यात पिसवा निघाल्या, त्या जाऊला चावल्या. कंपनीनं मग थाटामाटात खरी झाडं आणली. बंद काचा, वातानुकूलन आणि शिळ्या चहाचं खत. एकेक करत ती सगळी वाळली. सर म्हणाले, ही शोकांतिका आहे. बाबा म्हणाले, हा खून आहे. आणि साहेबांनी मुकाट्यानं बाईंना फोन केला.

बाईंची अट एकच होती. छपरातल्या झडपेची काच काढून टाकायची. साहेब तर खूशच झाले. पुन्हा बुलबुल, पुन्हा फोटो. झाड उभं राहिलं, पाटी पुसून घेतली, सगळे वर बघत बसले.

आली ती कबुतरं. तीही जोडीनं नव्हे, खानदानासकट. साहेबांचा फोन आला तेव्हा बाई टेम्पोतून उतरत होत्या.

“बाई, ताबडतोब काहीतरी करा! इथं कबुतरं शिरलीत!”

“मग? घरटं बांधलं का?”

“तीन काड्या आणि एक बॉलपेन ठेवलंय, त्यालाच घरटं म्हणतायत. अंडंही घातलंय. अहो, ही काय पाखरं आहेत का?”

बाई दालनात आल्या. वर पाहिलं. एक जाडजूड कबूतर अंड्यावर बसून त्यांच्याकडे एका डोळ्यानं, काडीचीही लाज नसल्यासारखं बघत होतं. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. त्यांनी फोन जाऊच्या हातात दिला, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, बादलीत फडकं पिळलं आणि सगळ्यांत खालच्या फांदीपासून धुवायला सुरुवात केली.