पळसाचा तिकेन

इंफाळातल्या सागोलबंदच्या त्या गल्लीत 'राजकुमार' म्हणून हाक मारली, तर निदान पाच जण वळून बघत. एक सायकली दुरुस्त करी, एक कचेरीत कारकून होता, एकाला काहीच येत नव्हतं आणि त्याचाच रुबाब सर्वांत जास्त होता. त्यांतलाच बुधिसना पोलोच्या काठ्या करी. वेत शेकून सरळ करायचा, खाली लाकडाचं डोकं बसवायचं, आणि घोड्यावरचा कुणी ती मोडून परत घेऊन आला, की आधी त्याला चार शब्द सुनावायचे आणि मग नवी द्यायची, हा त्याचा धंदा.

वर्षातला एक दिवस मात्र तो खरोखरचा मोठा माणूस असे. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष काही महिने का होईना, इंफाळच्या गादीवर बसला होता. पुढे त्याच्या मुलांच्या चार शाखा झाल्या. थोरल्या शाखेतला थोरला म्हणून या सगळ्यांचा पिबा, म्हणजे कुळाचा मुख्य, बुधिसना होता. मूळपुरुषाची देवळी त्याच्याच अंगणात होती. उन्हाळ्याच्या तोंडाला चारी शाखांची माणसं तिथे जमत. बुधिसना पांढरं धोतर नेसून बसे आणि गेलेल्या वाडवडिलांची नावं म्हणे. मूळपुरुषापासून सुरुवात, मग धाकट्या शाखा, आणि सगळ्यात शेवटी थोरली शाखा. स्वतःच्या बापाचं नाव घेतलं की तो थांबे.

एक जरी नाव इकडचं तिकडे झालं, तर पुन्हा पहिल्यापासून. एका वर्षी खोकल्याची उबळ येऊन त्याच्याकडूनच एक नाव सुटलं. नैवेद्याचा मासा गार झाला, पोरं भुकेनं रडकुंडीला आली, पण गडी परत मूळपुरुषापासून सुरू झाला.

"तामो, देवाला ठाऊक आहेत की आपल्या लेकरांची नावं," दुसऱ्या शाखेतला नोदियासना कुरकुरला. तो बुधिसनाचा चुलतभाऊ. थोरल्या भावाला तिकडे तामो म्हणतात.

"देवाला आहेत रे. तुला नाहीत, म्हणून म्हणतो."

बुधिसनाला एकच मुलगा, तिकेनसना. जपान्यांची लढाई आली तेव्हा तो गोऱ्यांच्या सामानाची लॉरी चालवत होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. एका सकाळी पालेलच्या बाजूला गेला तो परत आलाच नाही. कुणी म्हणालं बॉम्ब पडला, कुणी म्हणालं ब्रह्मदेशात पळाला. लॉरी सापडली नाही, माणूसही नाही. चार वर्षं वाट पाहून त्याची आई गेली. मग घरात दोघंच उरली, बुधिसना आणि सून थंबाल. ती मागावर बसे, तो वेत शेकत बसे. दोघंही त्याचं नाव काढत नसत.

तिकेन गेल्याला अशी बारा वर्षं झाली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचं काय करायचं, हे तिकडेही ठरलेलं आहे. पळसाचं लाकूड माणसाएवढं तोडायचं, त्यालाच तो समजायचं आणि अग्नी द्यायचा. तोवर तो जिवंत. बुधिसनानंतरचा पिबा तोच, आणि थंबालचा नवराही तोच.

नोदियासना एक दिवस सुपारी घेऊन आला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला.

"बोल एकदाचं," बुधिसना म्हणाला. "भूक लागलेल्या मांजरासारखा घुटमळू नकोस."

"तामो, बारा वर्षं झाली. उद्या तुला काही झालं तर पूजा कुणी करायची? जो इथे नाहीच त्याने?"

"तुला देवळी हवीय तुझ्या अंगणात."

"मला? अरे, मला चार नावं धड पाठ होत नाहीत! मला झोप येत नाही त्या विचारानं. पण कुळाचं काय?"

"माझ्या मुलाला मी जाळू? मेलेला न बघता? चालता हो!"

नोदियासना सुपारी तिथेच ठेवून गेला. बुधिसनाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती त्याने बोलून दाखवली नाही. पूजेत नाव फक्त मुलंबाळं मागे ठेवून गेलेल्याचंच घेतात. तिकेनच्या मागे कुणी नव्हतं. पळस जळला की थोरली शाखा संपणार होती, आणि तिकेनचं नाव चार माणसांत पुन्हा कधीच उच्चारलं जाणार नव्हतं.

त्याच सुमारास इबोतोन नावाचा एक सूत विकणारा घरी येऊ लागला. बायको गेलेली, स्वभावाने गरीब. पहिल्याच दिवशी बुधिसनाने त्याला कूळ विचारलं. तो खुमान कुळाचा निघाला. थंबालचं माहेर अंगोम. दोन्ही कुळांत सोयरीक चालते, हे म्हाताऱ्याच्या मनात आपोआप येऊन गेलं आणि त्याचा त्यालाच राग आला. मग एक दिवस ओसरीवरून थंबालचं हसणं ऐकू आलं. बारा वर्षांत ते हसणं त्याने ऐकलंच नव्हतं. त्याच्या हातातला वेत जास्त शेकला जाऊन काळा पडला.

"तो सूतवाला काय म्हणतो?" जेवताना त्याने विचारलं.

"सूत महागलंय म्हणतो."

"एवढं सांगायला तासभर लागतो?"

थंबालने ताटातला भात चिवडला. "बाबा, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगते त्याला. माझा नवरा आहे."

'आहे' म्हणताना तिचा आवाज असा कोरडा झाला, की बुधिसनाने हातातला घास परत ताटात ठेवला. आपण हे 'आहे' जपलं, पण त्यात कोंडली गेली ही, हे त्याला तेव्हा कळलं. बारा वर्षांपूर्वीची ती कोवळी पोर आता कानशिलावर पिकायला लागली होती. हात धुऊन तो तडक नोदियासनाच्या घरी गेला.

"पळस कुठे मिळेल?" दारातूनच त्याने विचारलं.

नंबुल नदीच्या काठी लाकूड पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं. तोडताना तिकेनची उंची विचारली, तेव्हा बुधिसनाने आपल्या कानाच्या वर हात धरून दाखवला होता. पळस ओला होता, काही केल्या पेट घेईना.

"लहानपणीही असाच होता," बुधिसना म्हणाला. "हलवल्याशिवाय उठायचाच नाही." आणि सगळ्यांदेखत तो ओक्साबोक्शी रडला.

वर्ष सरल्यावर तो स्वतः थंबालच्या माहेरी जाऊन इबोतोनच्या सोयरिकीचं बोलला. ती निघताना पाया पडली आणि उठेचना.

"बाबा, तुम्ही एकटे…"

"लोक काठ्या मोडायचे थांबलेत का? जा. मागे वळून बघू नकोस."

ती वळली. बघायला तो दारात नव्हता.

थोरल्या शाखेला वारस उरला नाही, म्हणून बुधिसनाने हयातीतच पिबापण सोडलं आणि देवळीतली भांडी नोदियासनाच्या घरी गेली. पुढचा सगळा हिवाळा बुधिसना रोज संध्याकाळी त्याला नावं पाठ करायला बसवी, चुकला की खडसावी. नोदियासना नातवंडांसमोर निमूट बोलणी खाई.

उन्हाळ्याच्या तोंडाला नव्या अंगणात पूजा झाली. बुधिसना इतर म्हाताऱ्यांबरोबर रांगेत बसला होता. थंबाल आता दुसऱ्या कुळाची, तिला तिथे जागा नव्हती. नोदियासना घाम पुसत, डोळे मिटून नावं म्हणू लागला. धाकट्या शाखा नीट पार पडल्या. थोरल्या शाखेत तो बुधिसनाच्या बापाच्या नावापर्यंत आला आणि क्षणभर थांबला. त्याने डोळे उघडून म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"तिकेनसना," तो म्हणाला.

रांगेत कुजबुज झाली. बुधिसनाचे हात जोडलेलेच होते.

"चुकलं," तो म्हणाला.

"तामो, राहू दे ना. एवढं एकच."

"त्यात ते नाव नाही, नोदिया." त्याचा आवाज चिरकला, पण शब्द पुरे झाले. "पहिल्यापासून म्हण."

नोदियासनाने डोळे पुसले आणि मूळपुरुषापासून पुन्हा सुरुवात केली. बुधिसना मान खाली घालून एकेक नाव ऐकत राहिला. या वेळी नोदियासना बुधिसनाच्या बापाच्या नावाशी थांबला.