मामांचं तरंगतं शेत

समुद्र एकदाही न पाहता समुद्रावर शेती करायला निघालेला माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतलाच योग म्हणायचा. लग्न ठरताना मला सांगण्यात आलं होतं की मुलीचे मामा पिंपरीला एका कारखान्यात वेल्डर आहेत, माळकरी आहेत आणि स्वभावाने गरीब आहेत. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या निघाल्या. ते दिवसातून निदान दोनदा मनाने समुद्रावर जाऊन येतात, ही चौथी गोष्ट मात्र सोयीस्करपणे राहून गेली.

ती मला पहिल्याच जेवणात कळली. नव्या जावयाला आमरसाचं जेवण होतं. मी पुरीचा तुकडा मोडणार, एवढ्यात मामांनी एक टम्म पुरी उचलून माझ्याच वाटीत अलगद सोडली आणि म्हणाले, "जावईबापू, हा रस म्हंजी समिंदर. आन् ही पुरी म्हंजी आपलं शेत. तरतंय का न्हाई?" मी म्हटलं, तरतंय. मग त्यांनी लसणाच्या चटणीची चिमूट पुरीच्या कडेला ठेवली. पुरी कलली आणि चटणी रसात उतरली. "बघा, वजन एका अंगाला आलं की संपलं. मधी ठिवायचं, बरुबर मधी." एवढं बोलून ते शांतपणे आपल्या ताटाकडे वळले. मी नवा जावई. चटणी घातलेला समुद्र शेतासकट निमूट खाल्ला. पुढे पाहिलं तर त्या घरात पाणी नावाचं जे काही होतं, त्यावर मामांचं काहीतरी तरंगत असायचंच. घंगाळात पितळी वाटी, हौदात पाट, बादलीत दाणे भरलेली करवंटी. समुद्र खारा असतो हे ऐकून माहीत असल्याने बादलीत मूठमूठ मीठही पडायचं. मामी म्हणायच्या, "ह्यांच्यापायी आमची आमटी आळणी आन् बादली खारट."

बेत असा होता. पिंपांचा तराफा करायचा. त्यावर पवनचक्की उभी करायची, वाऱ्यावर वीज काढायची. मधल्या जागेत मातीचे खोके ठेवून भाजी लावायची आणि तराफ्याच्या खाली जाळं सोडून त्यात मासे पाळायचे. "वर वीज, मधी भाजी, खाली मासं. जमिनीला तरी तीन मजले पिकतात का?" असं ते विचारायचे. वीजकपातीचे दिवस होते, त्यामुळे वीज म्हटलं की कुणीही निदान ऐकून घ्यायचं. मी एकदा खोडी काढली, "मामा, तुम्ही माळकरी. मासे कशाला?" ते जरासे दुखावून म्हणाले, "म्या न्हाई खात. पर समिंदरावर ऱ्हायचं म्हनल्यावर शेजारपाजार नको का बघाया?" समुद्रावर माणूस डुलतो असंही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून दापोडीपासून चिंचवडपर्यंत ते बसमध्ये दांडी न धरता उभ्याने प्रवास करायचे. कंडक्टर म्हणायचा, "मामा, बसा की राव, गाडी रिकामी हाय." मामा म्हणायचे, "तितं कोन बसाया सांगनार हाय?" आणि पुढच्या ब्रेकला कंडक्टरच्याच गळ्यात पडायचे.

मी तेव्हा एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. मामांच्या तराफ्याचा नकाशा काढायचं काम ओघाने माझ्याकडे आलं. मी तो काढला, आणि काढता काढता एकदा विचारलं की इथून समुद्र केवढा लांब, मग नदीकाठी जमिनीचा तुकडा घेऊन हीच भाजी का लावत नाही? मामा उठले. मला परसात घेऊन गेले. तिथे गोणपाटाखाली पत्र्याचे चार खोके होते, काळ्याभोर मातीने भरलेले. ते ज्या कारखान्यात वेल्डिंग करत, त्या कारखान्याच्या जागी त्यांचं शेत होतं. जमीन गेली त्या दिवशी मशीन लागायच्या आधी त्यांनी एवढी माती पोत्यात भरून आणली होती. त्या मातीत मामींना साधी तुळस लावायची परवानगी नव्हती. "जमीन म्हनली की कुनीबी साखळी घिऊन मोजाया येतंय," मामा म्हणाले. "पान्यात खुट्या कशा ठोकतील? ही माती आता टेकवायची न्हाई, जावईबापू. तरंगत ठिवायची." त्या दिवसापुरता मी हसायचा थांबलो.

पिंपं दिली चिंचवडच्या भंगारवाल्या चाचांनी. मामांचे जुने दोस्त. पंख्याची पाती, सायकलचा डायनामो, एक दिवा, सगळं त्यांच्याच दुकानातून निघालं. "मामा, आप जहाज बनाव, मैं हज को उसीपर जातूं," असं ते म्हणायचे. समुद्र जवळपास नसल्याने पहिली चाचणी महाळुंग्याला ठरली. ते मामींचं माहेर, आणि तिथे पाण्याने भरलेली एक जुनी दगडाची खाण होती. मुहूर्त खंडेनवमीचा. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांना झेंडू वाहतात, मग या यंत्राने काय पाप केलंय? तराफा तरंगला. चारही खोके बरोब्बर मध्यावर, मातीत मेथी पेरलेली, कोपऱ्यात पवनचक्की. आमरसातल्या पुरीसारखा सुरेख तरंगला.

इथे माझी अक्कल जागी झाली. देवाची तसबीर मामांनी मध्येच, खोक्यांना टेकून ठेवली होती. मी म्हटलं, छे, देव पूर्वेला हवा. आणि ती उचलून पूर्वेच्या कडेला, अगदी पिंपावर नेऊन ठेवली. मामांनी हिशेब मातीचा केला होता, पात्यांचा केला होता, स्वतःच्या वजनाचाही केला होता. आरतीचा केला नव्हता. मी तबक हातात घेऊन पहिलं कडवं सुरू केलं मात्र, काठावरचं सगळं महाळुंगे टाळ्या वाजवत तराफ्यावर चढलं. आपल्याकडे आरती लांबून कोण घेतो? ज्याला त्याला ज्योतीवर हात फिरवायचा असतो. मामा ओरडत होते, "मधी ऱ्हावा, मधी!" पण देव जिकडे, तिकडे माणसं. तराफा पूर्वेकडे कलला आणि सगळ्यात आधी मी तबकासकट पाण्यात गेलो.

मला पोहता येत नाही. मी बुडालो, वर आलो, बायकोचं नाव घेतलं, पुन्हा बुडालो. तेवढ्यात काठावरून चाचांचा शांत आवाज आला, "साहेब, खडे तो हो जाव. पानी कमर तकच है." मी उभा राहिलो. खरंच कमरेएवढंच होतं. त्याच वेळी कललेल्या तराफ्यावर वाऱ्याची झुळूक आली, पाती गरकन फिरली आणि दिवा लागला. मामी काठावरून म्हणाल्या, "अवो, पेटला की!" पण मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. तीन खोके घसरून पालथे झाले होते आणि त्यांतली माती पाण्यात विरली होती. चौथा खोका डोक्यावर धरून मामा कमरेएवढ्या पाण्यातून काठाकडे येत होते. विसर्जनाला मूर्ती नेतात ना, तशी चाल, फक्त उलट्या दिशेने.

ते वर आले. खोका खाली न ठेवता तसाच मांडीवर घेऊन बसले. मी निथळत समोर उभा. त्यांनी विचारलं, "आरती पुरी झाली का, जावईबापू?"

"नाही, मामा."

"मग करा. काठावरनं करा."

तराफा नंतर सरळ झाला आणि मध्यावर परत ठेवलेल्या एकट्या खोक्यानिशी त्या खाणीत मधोमध तरंगत राहिला. मामा सुट्टीच्या दिवशी सायकलवरून महाळुंग्याला जायचे. दिवा पुन्हा कधी लागला नाही. ते मला अधूनमधून विचारायचे, "खरंच पेटला व्हता?" मी म्हणायचो, पाण्यातून बघितला, चांगला लख्ख होता. आणि एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथीची जुडी. जुडी कसली, मूठभरच. बायकोला म्हणाले, "घे गं, शेतातली हाय."

इतक्या वर्षांत 'शेतातली' हा शब्द त्यांच्या तोंडून असा सहज आलेला मी ऐकला नव्हता. त्यांचं त्यांना कळलंही नसावं.

भाजी कडवट होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली, तिसऱ्यांदा पातेल्यात डोकावलो. मामा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आता न्हाई. सगळी न्हाई खुडली म्या. थोडी बियाला ठिवलीया."