अण्णांचा नेम

अख्ख्या भिवंडीत देवाला उदबत्ती लावून मग कॉम्प्युटरवर माणसं टिपायला बसणारा माणूस एकच, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे अण्णा. वय बावन्न, काम शाळेत चित्रकला शिकवण्याचं. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याचा बंदुकीचा गेम मागे राहिला आणि अण्णांनी तो असा काही मनावर घेतला की विचारू नका. हौस नव्हती हो! त्यांच्या वडिलांचा हात साठीच्या आतच थरथरायला लागला होता. शेवटी शेवटी चहाचा कप तोंडापर्यंत जाईना. आता आपली पाळी, ही धास्ती अण्णांच्या मनात घर करून बसली होती. "ब्रशने खोटं बोलता येतं रे," ते म्हणत, "रेघ वाकडी गेली तर जाड करायची. इथे नेम चुकला की चुकला."

मग रोज संध्याकाळी परीक्षा. दुर्बिणीची बंदूक घ्यायची, श्वास कोंडायचा, पडद्यावरची नेमाची फुली समोरच्याच्या कपाळावर आणायची. तोवर समोरचा अण्णांना मारून पुढे गेलेला असायचा. त्याचं त्यांना काहीच नाही. मागे उभ्या केलेल्या आत्याला ते घाबरून विचारायचे, "फुली हलली का गं?" आत्या म्हणायची, "तुम्ही मेलात, ते बघा आधी!"

नेम चुकला की आरोपी शोधायचा. पहिला माऊस. आमच्याकडे हवेतच कापसाचं तूस, ते माऊसच्या पोटात जाऊन बसायचं. अण्णा आतली गोळी काढून आत्याच्या केसांच्या पिनेने ते कोरत बसत. मग चहा बंद केला, कोपराखाली उशी घेतली. तरीही चुकलं तर भिंतीपलीकडच्या कारखान्यातले कापडाचे लूम होतेच. ते एकदम धडधडले की टेबल, पडदा, भिंतीवरच्या तसबिरी, सगळंच हलायचं. "देख रहा है ना? टेबल हिल रहा है, मैं नहीं," असं ते मला मुद्दाम हिंदीत ऐकवत, म्हणजे पलीकडच्या कामगारांनाही कळावं. मी हसायचो. शुक्रवारी लूमना सुट्टी, त्या दिवशी मात्र अण्णा कॉम्प्युटरला हात लावत नसत. डोळ्यांना आराम द्यायचाय म्हणत.

एका शुक्रवारी मानकोलीच्या गोडाऊनमधली ड्युटी आटोपून मी दुपारीच गेलो, तर अण्णा चक्क खेळत होते. गल्ली चिडीचूप. टेबल जागच्या जागी, आणि फुली मात्र डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"अरे, आज लूम बंद आहेत ना?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

मी आयुष्यात इतक्या पटकन खोटं बोललो नसेन. "मागच्या गल्लीत कुणाचा तरी चालू आहे वाटतं."

"हो ना? मलाही तसंच वाटलं." त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. आम्ही दोघं बराच वेळ तो नसलेला आवाज ऐकत बसलो.

मग ते हळूच म्हणाले, "सोमवारी डॉक्टरकडे जाईन म्हणतो. तू येशील? आत्याला एवढ्यात नको सांगूस."

येतो म्हणालो. मग उगाच त्यांच्यापुढचा माऊस ओढून खेळायला बसलो. त्या दुपारी माझा एकही नेम लागला नाही.