तांबडीचे बूट

तबेल्यात सगळे तिला मावशीच म्हणत, घोडे सोडून. खरी भाची एकच. बहीण गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं, आणि आता ती तिथली सगळ्यात धीट स्वार होती. मावशीचं काम म्हणजे घोड्यांच्या पायांना बूट बसवणं. हसू नका. धावताना घोड्याची एक टाप दुसऱ्या पायाच्या नळीवर आपटते, शीर सुजते, आणि चांगला घोडा कायमचा दावणीला बसतो. म्हणून गुडघ्याखाली हे चामड्याचे बूट. मावशी आधी पाय पुसणार, वाळूचा कणही राहू देणार नाही, मग बूट जरा वर धरून केसांच्या दिशेनं खाली सरकवणार. पट्ट्याखाली बोट शिरलं पाहिजे, अंगठा नाही. मागचे पाय आधी, पुढचा डावा सर्वांत शेवटी. "मागच्यांना आधी विचारलं की ते लाथ मारत नाहीत," असं म्हणायची.

तबेल्याचा एक रिवाज होता. घोडा मेला की त्याचे बूट पट्टे लावून खोगिरांच्या खोलीत खुंटीला टांगायचे आणि ते पट्टे पुन्हा सोडायचे नाहीत. तांबड्या घोडीचे बूट तिथं वर्षभर टांगलेले होते. मैदानातला खोल चर उडी मारून ओलांडताना तिचा पुढचा डावा पाय मोडला होता. तिचा स्वार अजूनही काठी टेकत चालतो. मावशी तिचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली आणि तो तिच्या हातातच गार पडला. त्यानंतर किती दिवस तिला घास गोड लागला नाही.

आता भाचीला करडा घोडा मिळाला होता. देखणा, पण महातापट. "नळ्या कसल्या, काड्या आहेत नुसत्या!" मावशी करवादली. एक बूट घसरून खाली यायचा, दुसरा कातडी सोलायचा. स्पर्धा तोंडावर आलेली. शेवटी तिनं त्या खुंटीला हात घातला.

"मावशी, मेलेलीची वस्तू आहे ती!" म्हातारा मोतद्दार ओरडला.

"भुताला बूट कशाला लागतात हो? ते तर अधांतरी चालतं म्हणे."

तिनं पट्टे सोडले, अस्तरात बोटं घातली आणि ती चपापली. आत ऊब होती, आत्ताच कुणाच्या पायातून काढल्यासारखी. उन्हानं तापले असतील, असं तिनं मनाला समजावलं. त्या खुंटीवर कधीच ऊन येत नव्हतं.

बूट अगदी मापाचे बसले. शेवटचा पट्टा लावताना करड्यानं मान खाली घातली आणि तिचा अंबाडा दातांनी हळूच ओढला. ही तांबडीची खोड. मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर तिचे डोळेही भरून आले. मग तो रोज अंबाडा ओढू लागला. तांबडीसारखा पाण्याआधी बादलीचा काठ चाटू लागला.

"मावशी, हा हल्ली न वळवताच चराकडे जातो गं," भाची एकदा म्हणाली.

"सवय होतेय त्याला." मावशी धडधडीत खोटं बोलली. तिला तिची घोडी हवी होती, बस्स.

स्पर्धेच्या सकाळी तीन बूट झाले. चौथ्याला हात लावताच करड्यानं पुढचा डावा पाय मागे ओढला. तिनं चुचकारलं, तर पुन्हा ओढला. नळी थरथरत होती. तांबडीनं उभ्या जन्मात एकदाच असा पाय मागे घेतला होता, त्या शेवटच्या दिवशी. आणि मावशीनं लाडीगोडी लावून तिला बूट चढवलाच होता.

"चल ना गं, पुकारा झाला!" भाची लगाम धरून उभी होती.

मावशीनं लावलेले बूट सोडायला घेतले. बक्कलं हलेनात. तिनं चामड्याची सुरी काढली आणि तिन्ही बुटांचे पट्टे कराकरा कापले.

"वेड लागलंय का तुला? बुटांशिवाय कशी जाऊ मी?"

"जाऊ नकोस."

"वर्षभर घाम गाळलाय मी मावशी!"

"शिव्या घाल मला. जन्मभर घाल. पण आज या घोड्यावर बसायचं नाही."

भाची रडत, पाय आपटत निघून गेली. मावशी तिच्या धडधाकट पावलांचा आवाज लांबपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं करड्यापुढं डोकं झुकवलं, अंबाडा अगदी त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं कान पाडले आणि परक्या बाईपासून फिरवावं तसं तोंड फिरवलं.

ती तिथंच गवतावर बसली. चारही बूट मांडीवर घेतले. तीन हळूहळू निवत गेले. चौथ्यात, पुढच्या डाव्यात, थोडी ऊब होती. तो तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तोही गार पडला.